ओल्ड-टाइम बँजो: पहिल्या तारेपासून पहिल्या बैठकीपर्यंत

बँजो शिकायला लागले असं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने लगेच विचारलं, "कुठल्या पार्टीत?" गिरगावात आयुष्य गेलेल्या माणसाने हे विचारणं साहजिकच आहे. आपल्याकडे बँजो म्हटलं की विसर्जनाची मिरवणूक, गाडीवर रचलेले स्पीकर आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबत वाजवलेली गाणी डोळ्यांपुढे येतात. ते वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली तयार झालेल्या ताइशोगोतोचं ते भारतीय भावंड. मी लिहितेय तो बँजो वेगळा आहे. ढोलकीच्या तोंडासारखी गोल, मढवलेली चौकट, तिला लांब दांडी, आणि पाच तारा, त्यातली एक आखूड. अमेरिकेच्या अ‍ॅपलाशियन डोंगररांगेत, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी या भागांत हा बँजो आणि फिडल, म्हणजे व्हायोलिनच, मिळून जे जुनं नाचाचं आणि गाण्याचं संगीत वाजतं, त्याला तिथे ओल्ड-टाइम म्हणतात.

नोकरीसाठी मी नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅमला आले. एका शनिवारी भाजीबाजाराच्या कोपऱ्यात पाच-सहा माणसं गोल करून, आमच्याकडे पाठ करून वाजवत बसली होती. एकच चाल दहा मिनिटं. कोणी मधूनच उठून आपलं कौशल्य दाखवत नव्हतं, टाळ्यांसाठी कोणी थांबत नव्हतं. मला एकदम आमच्या वाडीतलं गुरुवारचं भजन आठवलं. तिथेही ऐकणारे आणि गाणारे असे दोन गट कधी नव्हते. पुढच्याच महिन्यात मी बँजो घेतला, आणि मग पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण चुकीच्या गोष्टी करण्यात गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय.

१. आधी नेमका कुठला बँजो, ते ठरवा

बँजो नावाने चार वेगळी वाद्यं विकली जातात आणि दुकानदार नेहमी फरक सांगतोच असं नाही. चार तारांचा टेनर बँजो आयरिश संगीतात आणि जुन्या जॅझमध्ये वाजतो. सहा तारांचा बँजो गिटारवाल्यांसाठी असतो. पाच तारांचे बँजो दोन प्रकारचे. एकाच्या मागे लाकडी ताटलीसारखा रेझोनेटर असतो, तो जड आणि कडक आवाजाचा, ब्लूग्रास नावाच्या वेगळ्या, वेगवान अमेरिकी शैलीवाल्यांचा. दुसऱ्याची पाठ उघडी, तो ओपन-बॅक. आपल्याला हवा तो हाच.

ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम यांतला गोंधळ सगळ्यात जास्त वेळ खातो. ब्लूग्रासचा बँजो अंगठा आणि दोन बोटांवर नख्या चढवून, वरच्या दिशेने तारा छेडत वाजवतात. अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक १९४५ साली ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या वाद्यवृंदात आला आणि ती तीन बोटांची शैली जगभर पोचली. ओल्ड-टाइममध्ये मुख्यतः क्लॉहॅमर चालतं: नख्या नाहीत, नखाच्या पाठीने तार खाली मारायची. म्हणून इंटरनेटवर धडे शोधताना वादकाच्या बोटांकडे आधी बघा. नख्या दिसल्या की तो धडा आपला नाही. मी सहा आठवडे तशा धड्यांवर घालवले, आणि हाताला लागलेलं वळण सोडवायला त्याहून जास्त वेळ लागला.

भारतातून खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. नुसतं बँजो म्हणून शोधलंत तर बुलबुल तरंगच समोर येईल. विकणाऱ्याला "पाच तारांचा, उघड्या पाठीचा" असं सांगा, फोटो मागवा आणि पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या मधोमध बाजूला आहे का, ते बघा.

२. हे वाद्य कोणाचं, हे ठाऊक असू द्या

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. बँजो म्हणजे गोऱ्या डोंगरी शेतकऱ्यांचं वाद्य, असं चित्र जाहिराती आणि सिनेमांनी रुजवलंय. मलाही तसंच वाटायचं. पण पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत भोपळ्यावर चामडं ताणून जी वाद्यं बनवली, त्यांतून बँजो घडला. सेनेगल आणि गांबियातल्या जोला लोकांचं अकॉन्टिंग पाहिलंत तर नातं डोळ्यांनीच कळतं. भोपळा, चामडं, काठीची लांब दांडी, आणि अंगठ्याने वाजवायची आखूड तार. तिथेही नखाने तार खालीच मारतात. हान्स स्लोन हा डॉक्टर १६८७ साली जमैकात गेला होता. त्याने तिथे पाहिलेल्या अशा वाद्यांचं चित्र १७०७ साली छापून आलं.

नंतर, १८३० आणि १८४० च्या दशकांत, व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनीसारख्या गोऱ्या वादकांनी हे वाद्य उचललं. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांतून ते देशभर गेलं. त्याच खेळांतली काही गाणी अजून चालीच्या रूपाने वाजतात आणि त्यांचे जुने शब्द अपमानकारक आहेत. म्हणून कुठल्याही चालीचे शब्द नीट माहीत झाल्याशिवाय चारचौघांत म्हणू नका. नुसती चाल वाजवायची असेल तरी तिचं जुनं नाव काय होतं, हे एकदा विचारून घ्या. माहीतगार मंडळी मोकळेपणाने सांगतात.

कृष्णवर्णीय घरांतली परंपरा मात्र तुटली नव्हती. माझ्या घरापासून अर्ध्या तासावरच्या मेबन गावात जो थॉम्पसन फिडल वाजवायचे आणि त्यांचे चुलतभाऊ ओडेल बँजो. जो थॉम्पसन २०१२ साली गेले. त्याआधी काही वर्षं रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तरुण त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून चाली शिकले. गुरूच्या घरी बसून शिकणं आपल्याला नवीन नाही. म्हणूनच ही गोष्ट ऐकल्यापासून मी कागदावरून शिकणं कमी केलं.

३. बँजो विकत घेताना

अमेरिकेत शिकण्याजोगा नवा ओपन-बॅक काही शे डॉलरला मिळतो. डीअरिंगचा गुडटाइम हा सुरुवात करणाऱ्यांचा नेहमीचा बँजो. हलका, सुरात राहणारा. गोल्ड टोनचे त्याहून स्वस्त बँजोही चालतात. १०० डॉलरचे खेळण्यासारखे बँजो घेऊ नका. त्यांच्या खुंट्या टिकत नाहीत, सूर सरकतो आणि आपल्याला वाटतं की आपलाच कान खराब आहे. भारतात मागवणार असाल तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. येणाऱ्या कोणाच्या सामानातून आणायचा असेल तर कडक पेटीतच आणा आणि तारा थोड्या सैल करा.

जुना बँजो घ्यायला हरकत नाही, पण मी एकदा फसले. दिसायला सुंदर, १९२० च्या दशकातला म्हणून एका माणसाने दिलेला बँजो घरी आणला. दांडी वाकलेली. बाराव्या पडद्यापाशी तारा इतक्या वर की दाबताना बोट दुखायचं. दुरुस्तीचा खर्च किमतीइतका आला असता. म्हणून जुना बँजो हातात घेतल्यावर एवढं तपासा:

पहिली तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा आणि सातव्या पडद्यापाशी फट बघा. जाड कागद जाईल एवढी फट ठीक. त्याहून जास्त असेल तर दांडी वाकलीय. बाराव्या पडद्यावर तार ३ मिलिमीटरच्या आसपास उंच असावी. प्रत्येक पडदा एकेक दाबून वाजवा, कुठे खरखर येते का ऐका. खुंट्या फिरवून बघा. विशेषतः पाचवी खुंटी. ती दातेरी चाकाची हवी. नुसती घर्षणावर धरणारी असेल तर ती चालीच्या मध्येच घसरते.

वरचं पान, म्हणजे गोल चौकटीवर मढवलेला भाग, चामड्याचं आहे की प्लास्टिकचं, हेही बघा. चामड्याचा आवाज गोड, मऊ असतो. पण पावसाळ्यात डग्गा कसा उतरतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला पुढचं सांगायला नको. नॉर्थ कॅरोलिनाचा जुलैही दमट असतो. सुरुवातीला प्लास्टिकचं पानच बरं.

४. सोबत काय लागेल

दांडीच्या टोकाला चिकटवायचा छोटा ट्यूनर. याच्याशिवाय घराबाहेर पडू नका.

कापो, म्हणजे चारही लांब तारा एकत्र दाबून पट्टी चढवण्याचा चिमटा.

पाचव्या तारेसाठी बारीक खिळे. हे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे इवलेसे खिळे असतात, दांडीत सातव्या पडद्याजवळ ठोकतात आणि तार त्याच्याखाली अडकवतात. स्वतः ठोकू नका, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घ्या.

तारांचा जास्तीचा संच. बँजोच्या तारेच्या टोकाला फास असतो, गिटारच्या तारेसारखा मणी नसतो, त्यामुळे गिटारच्या तारा चालत नाहीत. पातळ, हलक्या तारा मागा. हाताला आणि कानाला मऊ हवं असेल तर नायलगटच्या, म्हणजे नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या तारा.

पानाचे नट घट्ट करायची किल्ली. एक मऊ पेन्सिल. आणि एक जुना मोजा, त्याचं काम पुढे येतंच.

शिक्षकाची गरज आहे का? असला तर फार उत्तम, निदान उजवा हात बसेपर्यंत. पण आठवड्याला एक तास पुरतो.

५. वाद्य वाजवण्याजोगं करा

बँजो पेटीतून निघतो तो तयार नसतो. बँजोची घोडी, म्हणजे जिच्यावर तारा टेकतात ती, चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबावर पानावर उभी असते आणि प्रवासात सरकते. ती जागेवर नसेल तर उघडी तार सुरात आणि वरचे पडदे बेसूर, असं होतं. यावर नवशिके महिनेच्या महिने डोकं फोडतात.

पहिली तार बाराव्या पडद्यावर अलगद स्पर्श करून वाजवा, घंटेसारखा सूर येईल. मग तिथेच नीट दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला सूर चढा आला तर घोडी दांडीपासून लांब, शेपटीकडे सरकवा. उतरा आला तर दांडीकडे आणा. अगदी अर्धा-एक मिलिमीटर, आणि तारा किंचित सैल करूनच. जागा सापडली की घोडीच्या पायांशी पेन्सिलने खूण करून ठेवा.

पान सैल वाटत असेल, आवाज फुगल्यासारखा येत असेल, तर नट थोडे थोडे आवळा. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, समोरासमोरचे, दर वेळी आठवा भाग फेरा. एकाच बाजूने आवळत गेलात तर पान तिरकं बसतं. मोजा पानाच्या मागे, आतल्या दांड्याजवळ, हलकेच कोंबा. घुमणारे जादा सूर त्याने शांत होतात. शेजारीही शांत होतात.

६. तारा कशा लावायच्या

ओल्ड-टाइममध्ये एकच पक्की लावणी नसते, पट्टीप्रमाणे तारा बदलतात. पाश्चात्त्य नावांनी दचकू नका, सरगमात समजून घेतलंत तर सगळं सोपं आहे.

पहिली लावणी जीची, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. आखूड पाचव्या तारेपासून पुढे: जी, डी, जी, बी, डी. सा, खर्जातला प, सा, ग, प. नुसत्या उघड्या तारा छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ येतो.

दुसरी डबल सी. जीच्या लावणीतून चौथी तार एक स्वर उतरवायची आणि दुसरी अर्धा स्वर चढवायची: जी, सी, जी, सी, डी. सीला सा मानलं तर प, सा, प, सा, रे. दुसऱ्या पडद्यावर कापो लावला, पाचवी तार खिळ्याखाली अडकवून ए केली, की हीच डबल डी होते. फिडलवाल्यांच्या बऱ्याच चाली डीमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये असतात, तेव्हा हिचं काम फार पडतं.

तिसरी सॉमिल: जी, डी, जी, सी, डी. सा, प, सा, म, प. हिच्यात गंधार उघड्या तारेवर नाहीच, त्यामुळे उदास, रानटी रंगाच्या चाली हिच्यावर खुलतात.

आखूड तार सगळ्या लावण्यांत एकच सूर धरून बसते. तंबोऱ्यासारखी, किंवा सतारीच्या चिकारीसारखी म्हणा. चाल खाली कुठेही जावो, ती वर टिकटिकत राहते. आपल्या कानाला ते ऐकताना घरी आल्यासारखं वाटतं, आणि ते सुख मला आजही रोज मिळतं.

७. उजवा हात: इथे घाई केलीत तर सगळं फसतं

मी पहिल्या वर्षी डाव्या हाताच्या मागे लागले. कागदावरच्या आकड्यांवरून चाली पाठ केल्या, वेग वाढवला. वाजवलेलं ऐकलं तर सूर बरोबर आणि संगीत नाही. एका वयस्कर फिडलवादकांनी शांतपणे माझा डावा हात तारांवरून उचलला आणि म्हणाले, "आता वाजव." उघड्या तारांवर मला दोन मिनिटंसुद्धा ठेका धरता आला नाही. त्या दिवसापासून दोन महिने मी फक्त उजवा हात केला.

हात कसा ठेवायचा ते सांगते. दारावर टकटक करताना मूठ अर्धवट मिटलेली असते, तशी बोटं वाकवा. एक बोट, तर्जनी किंवा मधलं, किंचित पुढे. अंगठा मोकळा. आता मनगट आणि कोपर मिळून हात खाली येऊ द्या आणि त्या बोटाच्या नखाची पाठ तारेवर पडू द्या. बोट वेगळं हलवायचं नाही, ते हाताबरोबर जातं. तारेवरून घसरलेलं बोट शेजारच्या तारेवर किंवा पानावर टेकतं. आणि त्याच क्षणी, हात खाली आलेला असताना, अंगठा पाचव्या तारेवर येऊन विसावतो. प्रत्येक वेळी विसावतो, वाजवायची असो वा नसो. हे ज्याला लवकर कळलं त्याची निम्मी अडचण संपली.

आता मूळ ठेका. तिकडे याला बम-डिट्टी म्हणतात. आपल्या तबल्याच्या बोलात म्हणायचं तर "धाऽ तिट, धाऽ तिट". "धा" ला एकच तार नखाने. "ति" ला खालच्या दोन-तीन तारांवरून नखाचा हलका फटकारा. "ट" ला हात वर उचलताना अंगठ्याने पाचवी तार. अंगठा तिला वेगळा ओढत नाही, हात वर जाताना ती सुटते. हे तीन आवाज म्हणजे सगळं क्लॉहॅमर. पुढे जे शिकाल ते यातल्या "ति"च्या जागी काही वेगळं भरणं, किंवा अंगठा आतल्या तारेवर टाकणं. त्याला ड्रॉप-थंब म्हणतात, पण ती घाई पहिल्या सहा महिन्यांत नको.

सराव असा करा. मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगाने ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला एक "धा", पुढच्याला "तिट". तोंडाने बोल म्हणत वाजवा. सलग पाच मिनिटं ठेका न मोडता जमला की मगच वेग चार-चारने वाढवा. फटकारा जोरात मारू नका. नवख्यांचा "ति" नेहमी "धा" पेक्षा मोठा येतो आणि चाल बुडते. हात कुठे पडतो तेही ऐका. घोडीजवळ आवाज कडक, टोकदार येतो. दांडी जिथे पानाला मिळते त्याच्या वर वाजवलं की गोल, घुमणारा. नॉर्थ कॅरोलिनातल्या राउंड पीक भागातले वादक तिथेच वाजवत. त्यासाठी काही बँजोंच्या दांडीचे शेवटचे पडदे काढून तिथे लाकूड खोलगट केलेलं असतं.

नखाचं काय? थोडं, एक-दीड मिलिमीटर पुढे आलेलं नख पुरतं. भांडी घासताना, पोळ्या लाटताना ते तुटतंच. मग काहीजण सलूनमध्ये जाऊन एकाच बोटाला कृत्रिम नख लावून घेतात. काहीजण टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखावर चिकटवतात, तोही चांगला टिकतो. स्टीलच्या तारांवर नख झिजतं हे धरूनच चाला.

८. कान तयार करा, मग चाली

कागदावरचे आकडे अजिबात वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण ओल्ड-टाइम हे कानाने उचलायचं संगीत आहे. बैठकीत कोणी कागद काढत नाही. चाल आधी गुणगुणता आली पाहिजे, मगच ती हातात येते. भजनाची चाल कोणी लिहून शिकलेलं मी तरी पाहिलं नाही.

काय ऐकायचं? नॉर्थ कॅरोलिनाच्या सरी काउंटीतल्या राउंड पीकचे टॉमी जॅरेल (१९०१ ते १९८५), फ्रेड कॉकरहॅम आणि काइल क्रीड. व्हर्जिनियाचे वेड वॉर्ड आणि हॉबार्ट स्मिथ. केंटकीचे रॉस्को होलकम्ब, यांचा आवाज ऐकून पहिल्यांदा दचकायला होतं, तरी ऐका. कृष्णवर्णीय बँजोवादकांपैकी डिंक रॉबर्ट्स, जॉन स्नाइप्स आणि ओडेल थॉम्पसन. माउंट एअरी गावातलं डब्ल्यूपीएक्यू हे आकाशवाणी केंद्र १९४८ पासून या भागाचं संगीत लावतं आणि ते इंटरनेटवरही ऐकता येतं. मी ऐन स्वयंपाकाच्या वेळी ते लावून ठेवते. लक्ष देऊन ऐकण्याइतकंच असं कानावर पडत राहणंही लागतं.

चालींची रचना आपल्याला लगेच समजते. बहुतेक चालींचे दोन भाग. पहिला आठ मापांचा, दोनदा. दुसरा तितकाच, दोनदा. हे एक आवर्तन. मग पुन्हा वरून. स्थायी आणि अंतऱ्यासारखंच, फक्त अंतरा अनेकदा खालच्या सप्तकात असतो.

सुरुवातीला या चाली घ्या. क्रिपल क्रीक जीच्या लावणीत. बैठकीत ती बहुधा कापो लावून एमध्ये वाजते. अँजेलिन द बेकर डबल डीमध्ये. हिच्या नेहमीच्या रूपात सा रे ग प ध एवढेच स्वर आहेत. भूपाचे. ज्याने लहानपणी भूपातलं एखादं लक्षणगीत म्हटलंय त्याला ही चाल एका संध्याकाळी येते. ओल्ड जो क्लार्कमध्ये कोमल निषाद आहे, म्हणजे खमाज थाटाचा रंग. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले नवखे नेमके तिथेच शुद्ध नी लावतात. आपला कान तो सूर बरोबर पकडतो. सॉमिलसाठी क्लक ओल्ड हेन.

एक सावधगिरी. राग ओळखता येतो म्हणून रागासारखं वाजवू नका. मींड, आलाप, ताना इथे बसत नाहीत. हे नाचाचं संगीत आहे, नाचणाऱ्याचा पाय ठेक्यावर पडला पाहिजे. मी सुरुवातीला सगळीकडे घसीट घालत होते. चाल गोड व्हायची आणि नाच थांबायचा.

महिन्याला एक चाल पुरे. पण ती झोपेतून उठवलं तरी वाजली पाहिजे.

९. पहिल्या बैठकीला जाताना

याला तिकडे जॅम म्हणतात. गावातल्या कॉफीच्या दुकानात, कोणाच्या ओसरीवर, ग्रंथालयात आठवड्या-पंधरवड्याला भरतो. नवख्यांसाठीचे सावकाश जॅम वेगळे असतात, आधी तिथे जा. मोठे मेळे बघायचे असतील तर व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सचा, जो १९३५ पासून भरतो, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लिफटॉपचा. क्लिफटॉपला लोक तंबू ठोकून आठवडाभर राहतात. रात्री एक वाजता झाडांमधून चालताना दर वीस पावलांवर वेगळी चाल ऐकू येते. पहिल्या वर्षी तिथे मी बँजो पेटीतून काढला नाही. नुसती फिरले, ऐकलं, आणि ते योग्यच झालं.

जॅमचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण ते पाळले जातात.

गोल भरलेला असेल तर मागे बसा, हळू वाजवा, आणि आत जागा आहे का हे चाल संपल्यावर विचारा. आधीच दोन बँजो वाजत असतील तर तिसरा बहुतेक नकोच असतो. अशा वेळी थोडं ऐकून दुसरा गोल शोधा.

चाल फिडल नेतं. बँजोने फिडलवाल्याच्या उजव्या हाताकडे, गजाकडे बघत वाजवायचं. आपला आवाज फिडलच्या वर जातोय असं वाटलं तर तो जातोच आहे. ब्लूग्रासमध्ये एकेकजण पाळीपाळीने एकट्याने वाजवतो. इथे तसं नाही, सगळे सगळा वेळ वाजवतात.

चाल येत नसेल तर पाचवी तार आणि उघड्या तारांवर नुसता ठेका धरा, अगदी हळू. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात दुसऱ्या भागाचा आकार कळायला लागतो. दहाव्यापर्यंत निम्मी चाल हातात येते. एकच चाल दहा-पंधरा वेळा वाजते ती नवख्यांसाठी देणगीच आहे.

दोन चालींच्या मधल्या वेळात काहीबाही छेडत बसू नका. तेव्हा बाकीचे तारा लावत असतात, आणि फिडलवाला पुढची चाल मनात आणत असतो. बँजोला पट्टी बदलायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून एकाच पट्टीतल्या चाली तासभर चालतात. तुमच्या पाळीला चाल सुचवायची असेल तर चालू पट्टीतलीच सुचवा. डीमध्ये रंगलेला गोल तुमच्या एका चालीसाठी एमध्ये न्यायला लावू नका.

फोनवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर विचारा. बहुतेकजण होच म्हणतात. घरी जाऊन त्यावरून शिकणं हाच माझा मुख्य अभ्यास आहे.

आणि फिडलवाल्याच्या पायांवर नजर ठेवा. चालीचं शेवटचं आवर्तन आलं की तो एक पाय पुढे करून वर उचलतो. तो उचललेला दिसला की ते आवर्तन पूर्ण वाजवा, शेवटच्या स्वरावर हात तारांवर ठेवून त्या बंद करा. मग चालीचं नाव विचारा, ती कोणाकडून आली ते विचारा, आणि पट्टी व लावणीसकट वहीत टिपून ठेवा. माझ्या वहीत सध्या ६३ नावं आहेत. त्यातल्या २२ हातात आहेत.